रडक्या सिनेमाची धार: ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ची क्रायटेरियन ब्लू-रे

दिग्दर्शक डग्लस सर्क यांच्या १९५५ सालच्या या मेलोड्रामाला दीर्घकाळ ‘बायकांचा रडका सिनेमा’ म्हणून बाजूला सारले गेले. जुने, महत्त्वाचे चित्रपट नव्याने काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये काढलेली ब्लू-रे पाहिली की तो शिक्का किती उथळ होता हे कळते, कारण सर्क यांची समाजावरची टीका संवादांपेक्षा रंग, प्रकाश आणि घरातल्या सामानातून होते, आणि प्रत फिकट असेल तर नेमकी तीच हरवते.

कथा साधी आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या सुखवस्तू गावातली विधवा कॅरी (जेन वायमन) बागकाम करणाऱ्या, वयाने लहान असलेल्या रॉनच्या (रॉक हडसन) प्रेमात पडते, आणि तिच्या मुलांना व क्लबातल्या मंडळींना ते खपत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेसोबत जिवंत पुरत असत, अशी माहिती मुलगी पुस्तकी उत्साहाने आईला ऐकवते; पुढे हीच मुले आईच्या वाट्याला काय आणतात ते पाहिल्यावर त्या संवादातला विखार उमगतो.

मुलांखातर कॅरी लग्नाचा बेत सोडते आणि नाताळात तीच मुले आपापल्या वाटेने निघाल्याचे तिला सांगतात. सोबत म्हणून तिला टीव्ही भेट मिळतो, जो तिने पूर्वी नाकारलेला असतो. बटण फिरवा, हवी तेवढी सोबत मिळेल, असे विक्रेता सांगत असताना कॅमेरा संचाकडे सरकतो आणि बंद पडद्याच्या काचेत कॅरीचा चेहरा दिसतो, चारी बाजूंनी चौकटीत अडकलेला. एका शब्दाचेही भाषण न करता मध्यमवर्गीय सुबत्तेचा असा पंचनामा मी क्वचितच पाहिला आहे. छायालेखक रसेल मेटी यांचा खिडकीतला निळा थंड उजेड आणि दिव्याचा नारिंगी प्रकाश या नव्या प्रतीत वेगवेगळे, ठसठशीत दिसतात. शेवटी खिडकीबाहेर येणारे हरीण मात्र, कितीही उपरोधाने पाहिले तरी, मला जरा जास्तच गोड वाटते.

पूरक साहित्यात १९७९ चा बीबीसीचा माहितीपट पाहावाच, कारण त्यात सर्क स्वतः बोलतात. मार्क रॅपापोर्ट यांचा ‘रॉक हडसन्स होम मूव्हीज’ (१९९२) हा निबंधपट (निबंधाच्या धाटणीचा चित्रपट) जोडणे ही तर फारच नेमकी निवड आहे: पडद्यावर समाजाच्या दडपणाशी झुंजणाऱ्या या नायकाला खऱ्या आयुष्यात आपली समलैंगिकता लपवावी लागली होती. पुस्तिकेत चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांचा लेख आणि जर्मन दिग्दर्शक फासबिंडर यांच्या १९७१ च्या निबंधातला उतारा आहे. फासबिंडर यांनी समाजाला न खपणाऱ्या प्रेमाचा हाच धागा धरून १९७४ मध्ये ‘अली: फिअर ईट्स द सोल’ केला. चित्रपट चालू असताना ऐकता येणारे दोन अभ्यासकांचे समालोचन माहितीपूर्ण आहे, मात्र दृश्य जे स्वतःच सांगते तेच ते काही ठिकाणी पुन्हा समजावत बसते.

ब्लू-रे डिस्क जगातल्या ठरावीक विभागांच्या प्लेअरवरच चालतील अशा काढल्या जातात; ही ‘ए’ विभागापुरती मर्यादित असल्यामुळे मागवण्यापूर्वी आपला प्लेअर ती चालवतो का, हे तपासून घ्यावे. इतर सोयी उत्तम आहेत. फक्त समालोचन पहिल्या खेपेला बंद ठेवावे.