मावश्या टिकल्यात म्हणून चार स्टार

आईला पॅरालिसिस झाल्यापासून दीड वर्ष नाशिकला गंगापूर रोडच्या एका केअर सेंटरला ठेवलंय, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे. आधीच्या ठिकाणी दर महिन्याला नवीन मावशी (पेशंटचं सगळं करणारी बाई), आईची सवय कळेपर्यंत सोडून जायची. इथे त्याच तिघी आहेत अजून, कारण साधंय, ड्युटी 12 नाही 8 तास, पगार 7 तारखेच्या आत, आणि शिफ्ट बदलताना सिस्टर त्यांच्यासोबत बसून बोलते, कोण जेवलं नाही, कोणाची पाठ लाल दिसतेय, मावश्या सांगतात आणि ती लिहून घेते. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, होऊ नये म्हणून साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते, ते दमलेल्या माणसाकडून रात्री 3 ला होत नाही हो! एकदा डिमेन्शियावाल्या आजोबांनी एकीला चापट मारली, तर मॅनेजरने तिलाच झापलं नाही, चहा पाजला आणि दोन दिवस दुसऱ्या मजल्यावर ड्युटी दिली. तक्रार एकच, रात्रीच्या स्टाफला आडवं व्हायला धड खोली नाही, चादरींच्या स्टोअरमध्ये सतरंजी टाकतात, तेपण नाशिकच्या डिसेंबरात. सांगितलंय, बघू. जेवण ठीक, वरण पातळ.