मोटेलची जुनी पोस्टकार्डं: लिनन, क्रोम की खरा फोटो?

अमेरिकेतल्या रस्त्याकाठच्या मोटेलांची आणि प्रवाशांना थांबवणाऱ्या चमत्कारिक ठिकाणांची जुनी कार्डं जमवायची ठरवली, की निवड तीन प्रकारांत करावी लागते. लिनन, क्रोम आणि खरा फोटो. तिन्ही थोडी थोडी घेत गेलं तर पैसे विखुरतात आणि संग्रहाला आकार येत नाही. आपल्याला चित्र हवं आहे की ती जागा हवी आहे, हे आधी ठरवावं. चित्र हवं असेल तर लिनन. जागा हवी असेल तर क्रोम, आणि खिसा परवानगी देईल तेव्हा खरा फोटो.

लिनन कार्डाचा कागद कापडासारखा उठावाचा असतो. बोट फिरवलं की कळतं. पोस्टकार्डं छापणाऱ्या शिकागोच्या कर्ट टाइख कंपनीने हा प्रकार १९३१ च्या सुमारास आणला आणि १९५० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत तो जोरात चालला. मूळ फोटो काळापांढरा असे. मोटेलचा मालक भिंतींचे, छपराचे रंग लिहून कळवी आणि छापखान्यातले कलाकार रंग भरत. विजेचे खांब, तारा, समोरचा चिखल पुसून टाकत; हिरवळ आणि नवी गाडी घालत. म्हणून इतक्या लिनन कार्डांवर तेच पिवळट-गुलाबी ढग दिसतात. लिननचं सौंदर्य यातच आहे, पण पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये. निऑन पाटी खरंच तेवढी उंच होती की नाही, हे लिनन सांगत नाही.

क्रोम म्हणजे रंगीत पारदर्शिकेवरून (स्लाइडवरून) छापलेलं चकचकीत कार्ड. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली आली. १९३९ मध्ये युनियन ऑइल कंपनीने आपल्या पेट्रोल पंपांवर अशी कार्डं ठेवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती सगळीकडे पसरली. मोटेलांच्या भरभराटीचा काळ हाच, त्यामुळे साधी आडवी इमारत, पुढे पोहण्याचा तलाव आणि रांगेने लावलेल्या गाड्या हे दृश्य क्रोमवर भरपूर सापडतं. पाठीवरचा मजकूरही वाचावा. ‘थंड हवा’, ‘फरशीची न्हाणीघरं’, नंतर ‘खोलीत टीव्ही’: कोणत्या काळात प्रवाशाला कशाची भूल पडत होती, ते तिथे दिसतं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. साधी मोटेल क्रोम कार्डं विक्रेत्यांच्या स्वस्त पेटीत डॉलर-दोन डॉलरला मिळतात आणि त्या किमतीत नजर तयार होते. लिनन त्याहून महाग. रूट ६६ सारखा प्रसिद्ध रस्ता किंवा विचित्र आकाराची इमारत असेल तर भाव आणखी चढतो.

फरक डोळ्यांनी बघायचा तर विगवॅम व्हिलेज घ्या. शंकूच्या आकाराच्या काँक्रीटच्या खोल्यांच्या या मोटेलांपैकी केंटकीतल्या केव्ह सिटीचं १९३७ चं, तर ॲरिझोनातल्या होलब्रूकचं १९५० चं. केव्ह सिटीच्या लिननवर सगळं रंगवलेलं आणि नीटनेटकं. होलब्रूकच्या क्रोमवर मोकळं वाळवंटी ऊन आणि दारातल्या गाड्या.

खरा फोटो म्हणजे छापलेलं चित्र नव्हे, तर फोटोच्या कागदावर थेट काढलेली प्रत. लहान गावातली, थोड्याच प्रतींची कामं याच प्रकारात मिळतात. सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत महाग हाच. खोटेपणाही इथेच जास्त. दहापट भिंगातून बघा: खऱ्या फोटोत ठिपके नसतात, छापील कार्डात असतात. गडद भागांच्या कडेला चंदेरी झाक असेल तर ती जुनेपणाची चांगली खूण आहे. पाठीवर तिकिटाच्या चौकटीभोवती ‘ॲझो’ (AZO, फोटोच्या कागदाचं एक नाव) असं लिहिलेलं दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. ती चौकट नक्कल करायला सोपी आहे. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा. ही चाचणी क्रोमला लावण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक क्रोम कार्डं त्याच काळातली.

काळ ठरवताना चित्रातल्या गाडीवरून फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच कळतं, कारण एकच कार्ड वर्षानुवर्षं विकलं जाई. कर्ट टाइखच्या कार्डावर ‘५ए-एच’ (5A-H) सारखा आकडा असेल तर तो वर्ष सांगतो: ए म्हणजे १९३० चं दशक, बी १९४०, सी १९५०; आधीचा अंक वर्षाचा. म्हणजे ५ए हे १९३५. टपालात गेलेल्या कार्डावर तिकीटही मदत करतं. कार्डाचा टपाल दर १९५१ अखेरपर्यंत १ सेंट, १९५२ पासून २, ऑगस्ट १९५८ पासून ३ आणि जानेवारी १९६३ पासून ४ सेंट. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिनकोड) छापलेला असेल तर कार्ड जुलै १९६३ नंतरचं.

जपणुकीत तिघांचे शत्रू वेगळे. लिननच्या उठावात धूळ बसते. ओलं कापड लावलं तर रंग पुसट होतो, म्हणून मऊ कोरडा ब्रशच. क्रोमचा चकचकीत थर दमट हवेत शेजारच्या कार्डाला चिकटतो आणि ओढून काढताना चित्रच उचलून येतं. मुंबई-कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात हे हमखास होतं. कार्डं एकावर एक रचू नका. प्रत्येकाला वेगळं पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं पाकीट द्या. पीव्हीसीची पाकिटं स्वस्त असली तरी चिकट होऊन रंग ओढतात. पेटीत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला. लॅमिनेशन कधीच नको.

पाकिटं मागवताना मापही पाहावं. नेहमीचं जुनं कार्ड साडेतीन बाय साडेपाच इंचांचं असतं. चार बाय सहाचं उशिराचं क्रोम त्या पाकिटात जात नाही. आणि चार बाय सहाचं ‘जुनं लिनन’ कुणी विकायला काढलं, तर ते नव्याने छापलेलं आहे असं समजून पुढे जावं.