नागपूरहून दोघांसाठी रात्रीची ट्रेन: सेवाग्राम एक्स्प्रेस + माथेरान, आमचा अनुभव

लग्नाला सात वर्षं झाली त्या आठवड्यात आम्हा दोघांना मिळून सुट्टी किती मिळाली, तर शनिवार-रविवार, बस. नवरा मिहानमध्ये शिफ्टला, मी बँकेत, घरी पाच वर्षांची मुलगी. गेल्या वर्षभरात आमचं जे काही बोलणं झालं ते दूध आणलं का, फी भरली का, गॅस संपला का एवढंच झालं असेल. म्हणून यावेळी ठरवलं की विमानानं धावत जाऊन धावत यायचं नाही, ट्रेननं जायचं, रात्रीची ट्रेन, कारण ट्रेनमध्ये कुणी उठून कामाला जाऊ शकत नाही, दोघांना समोरासमोर बसावंच लागतं.

नागपूरवाल्यांना एक बरं आहे, आपण देशाच्या मध्यावर असल्यामुळे कुठेही जायचं म्हटलं की बहुतेक रात्रभराचा प्रवास होतोच. पण रात्रभराचा प्रवास म्हणजे बाहेर अंधार, मग बघायचं काय? इथेच आम्ही याआधी चुकलो होतो. बरेच जण आधी ठिकाण बघतात, मग डबा कोणता ते बघतात. आम्ही यावेळी उलटं केलं, गाडी घाटात किती वाजता असते हे आधी बघितलं आणि त्यावरून गाडी निवडली. माझ्या मते दोघांच्या ट्रिपसाठी निवडायचं ते यावरच, बाकी सगळं नंतर.

काय काय बघितलं ते थोडक्यात सांगते. गोवा सगळ्यात आधी डोक्यात आलं, नागपूर-मडगाव स्पेशल आठवड्यातून दोनदा असते, दुसऱ्या दिवशी कोकण रेल्वेचा भाग उजेडात येतो, बोगदे, नद्या, पूल सगळं मस्त, पण एका बाजूलाच चोवीस तासांच्या वर जातात, दोन दिवसांत बसतच नाही. मग अराकू. समता एक्स्प्रेसनं गोंदिया, रायपूर, तितलागढ, रायगडा करत विशाखापट्टणम आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या छताच्या व्हिस्टाडोम डब्यातून अराकू, ५८ बोगदे आहेत म्हणे वाटेत. नवऱ्याचा जीव त्यातच अडकला होता. पण त्याला निदान चार दिवस पाहिजेत, ते पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवलंय. पचमढीला पिपरियापर्यंत जाता येतं, बैतूलच्या पुढचा मरामझिरी-धाराखोहचा घाट सुंदर आहे, सागाचं जंगल आहे, पण रात्रीच्या गाडीनं गेलं तर तो झोपेत जातो आणि मध्यरात्री इटारसीला गाडी बदलायला उतरावं लागतं. पचमढीला आपण नागपूरकर छिंदवाड्यावरून रस्त्यानं, कारनंच जावं. आणि त्या राजेशाही गाड्या, महाराजाज एक्स्प्रेस वगैरे, त्या आठवड्याच्या आणि लाखांच्या गोष्टी, त्याबद्दल मी बोलत नाही.

राहिली मुंबई लाईन. कसाऱ्याचा घाट आपल्याकडे सगळ्यांनी पार केलेला असतो, पण पाहिलेला फार कमी जणांनी. कारण आपण जातो विदर्भ एक्स्प्रेस नाहीतर दुरांतोनं, मुंबईला सकाळी पोचायचं असतं ना कामाला, आणि त्या दोन्ही गाड्या हा इगतपुरी-कसाऱ्याचा घाट पहाटेच्या अंधारात उतरतात. मी स्वतः किमान पंधरा वेळा मुंबईला गेले असेन आणि घाट एकदाही दिसला नव्हता! सेवाग्राम एक्स्प्रेस मात्र नागपूरहून रात्री नऊच्या सुमारास निघते, नाशिक रोड सकाळी येतं, आणि घाट चांगल्या उजेडात. बरं, परतीची सेवाग्राम मुंबईहून दुपारी तीनच्या सुमारास निघते म्हणजे घाट चढतानासुद्धा संध्याकाळचा उजेड. जाताना सकाळी, येताना संध्याकाळी, दोन्ही वेळा. हे लक्षात आलं तेव्हा रात्री अकरा वाजता आम्ही दोघं किचनमध्ये उभ्याउभ्या वेळापत्रक बघून राहिलो होतो आणि मला तेव्हाच ट्रिप सुरू झाल्यासारखं वाटलं. तुम्ही पण बुक करायच्या आधी इगतपुरी आणि कसारा या दोन स्टेशनांची वेळ आणि त्या महिन्यातली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ शेजारी ठेवून बघा, वेळा बदलत राहतात.

आता बर्थबद्दल, हे नीट वाचा. रोमँटिक म्हटलं की सगळे फर्स्ट एसी सांगतात, दोघांचं कूपे मिळतं म्हणून. मिळतं, पण खात्री नसते. फर्स्ट एसीत दोन बर्थचे कूपे असतात आणि चार बर्थचे केबिन पण असतात, आणि तुम्हाला यातलं काय मिळालं ते चार्ट लागल्यावरच कळतं. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या गाडीत आम्ही मोठ्या हौसेनं फर्स्ट एसी काढलं होतं आणि चारच्या केबिनमध्ये दोन काकांसोबत रात्र काढली. काका चांगले होते, चिवडा दिला त्यांनी, पण आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते झालं नाही.

यावेळी सेकंड एसी आणि साइड लोअर + साइड अप्पर. आमच्या दोघांच्या मते कपलसाठी ट्रेनमधली ही सगळ्यात चांगली जागा आहे आणि लोक उगाच तिला नावं ठेवतात. सेकंड एसीत साइडला दोनच बर्थ, मधला नसतो, पडदा ओढला की कोपरा तुमचा. दिवसा खालचा बर्थ दुमडला की खिडकीशी दोन सीट होतात, समोरासमोर, मधे कुणी तिसरा नाही. नंबर लक्षात ठेवायला सोपे आहेत, ५-६, ११-१२, १७-१८ असे सहाच्या पाढ्यात जातात. दाराजवळचे टाळा, रात्रभर दार वाजतं. तोटा एवढाच की नवरा उंच असेल तर पाय आखडून झोपावं लागतं (माझा आहे, झोपला बिचारा तसाच) आणि पॅसेजमधून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का पडद्याला लागतो. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. शुक्रवार-रविवारची जोडी पाहिजे तर पहिल्याच दिवशी बसा, आणि परतीचं आधी काढा, जातानाचं नंतर, कारण रविवारची परत येणारी गाडी जास्त भरते.

आम्ही सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात गेलो. मुलीला आईकडे प्रतापनगरला सोडलं, ती रडेल असं वाटलं होतं, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, आजोबांसोबत टीव्हीसमोर बसली. डब्यात सांबारवडी, दशम्या, ठेचा आणि थोडी संत्रा बर्फी. बाहेरच्यांसाठी सांगते, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सांबारवडी गार झाली तरी चालते म्हणून ट्रेनसाठी हिच्यासारखं काही नाही. वर्धा गेल्यावर जेवलो, पुलगाव-धामणगावपर्यंत गप्पा, बडनेरा आलं तेव्हा मी अर्धवट झोपेत होते आणि तो वरून हात खाली सोडून माझा हात धरून होता. एवढंच. पण हे घरी झालं नव्हतं कितीतरी दिवसांत.

सकाळी मनमाडच्या आसपास जाग आली तर पाऊस येऊन राहिला होता. अंकाई-टंकाईचे किल्ले आणि तो अंगठ्यासारखा उभा सुळका, हडबीची शेंडी, ढगात अर्धा. लासलगाव, निफाडला ओल्या शेतांचा लाल-काळा रंग, कांद्याच्या चाळी, द्राक्षांचे मांडव. नाशिक रोडला चहा घेतला, बर्थ दुमडला आणि समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा असते मधे. घोटी आलं की डाव्या हाताला कळसूबाईची रांग दिसते, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर त्यातच, आमच्या वेळी टोक ढगात होतं, पण खालच्या उतारांवर पांढऱ्या रेघा दिसत होत्या, सगळे धबधबे. साइड बर्थ कोणत्या बाजूला येईल हे डबा कसा लागला त्यावर असतं, आमचा उजवीकडे आला, तर समोरच्या खणातल्या आजींनी स्वतः सरकून आम्हाला त्यांच्या खिडकीशी बसवलं.

इगतपुरीला घाट उतरण्याआधी गाडी थांबते. खाली उतरलो. एसी डब्याची खिडकी बंद असते, पावसाचा वास आत येत नाही, म्हणून हे दोन-चार मिनिटं चुकवू नका, ती हवा अंगावर घ्या, वडापाव घ्या. मग गाडी हळू उतरायला लागते. हा घाट इंग्रजांच्या काळातला, लाईन १८६५ साली सुरू झाली, चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली, ट्रेनसाठी हे फारच तीव्र आहे. बोगदा, उजेड, बोगदा, उजेड. एका बोगद्यातून बाहेर आलो तर पूर्ण दरी ढगानं भरलेली, दुसऱ्यातून आलो तर तीच दरी मोकळी आणि पार खालपर्यंत हिरवी. नवरा फोन काढून व्हिडिओ करायला लागला, मग त्यानं आपणच फोन ठेवून दिला. साधारण अर्ध्या तासात सगळं संपतं. मला वाटलं होतं अजून असेल. दाराशी जाऊन उभं राहू नका प्लीज, पावसात पायरी निसरडी असते, खिडकीतून सगळं दिसतं.

कल्याणला उतरलो. मुंबईत हॉटेल घेऊन मरीन ड्राइव्ह वगैरे पण करता येतं, बरेच जण करतात, पण आम्हाला गर्दी नको होती. कल्याणहून कर्जत लोकल, नेरळ, तिथून शेअर टॅक्सीनं दस्तुरी नाका. त्याच्या पुढे माथेरानमध्ये गाड्या नेऊ देत नाहीत आणि हेच त्या गावाचं मोठेपण आहे. नेरळपासूनची छोटी ट्रेन १९०७ पासूनची, पण पावसाळ्यात ती पूर्ण धावत नाही, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरान एवढी शटल चालू असते. आम्ही जाताना शटल घेतली आणि येताना लाल मातीच्या रस्त्यानं चालत आलो, दोन्ही करा. चप्पल नको, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट. माकडांसमोर खाऊ काढू नका.

हॉटेलबद्दल एक तक्रार, नाव लिहीत नाही. फोनवर व्हॅली व्ह्यू सांगितलं आणि खोलीच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसत होती, विचारलं तर म्हणे धुकं असल्यावर सगळीकडून सारखंच दिसतं. असं बोलणं बरोबर नाही, लोक वर्षातून एकदा येतात. पैसे भरायच्या आधी त्याच खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागा. पण खोलीत आम्ही थांबलोच किती, संध्याकाळी शार्लोट लेक, सकाळी लुईझा पॉइंट. लुईझावर आधी काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा पडदा, बाकीचे लोक वैतागून निघून गेले. आम्ही छत्रीत बसून राहिलो, घाई नव्हती, आणि वीसेक मिनिटांनी वाऱ्यानं ढग बाजूला केला तर समोर प्रबळगड. त्या वीस मिनिटांत आम्ही काय बोललो ते इथे लिहीत नाही पण वर्षभराचं बोलून झालं.

रविवारी बारालाच निघा. लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा, रविवारी असतो बऱ्याचदा, आणि कल्याणला गाडीच्या अर्धा तास आधी पोचाल असा हिशोब धरा. परतीत कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना, जोडताना बारीकसा धक्का बसतो. नवऱ्याला हे माहीत होतं, तो मला धक्का कधी बसेल ते सांगून राहिला होता, आणि बरोबर बसला. मग मागून ढकलत ढकलत गाडी वर. शनिवारी सकाळी जे उतरताना पांढरं होतं ते आता सोनेरी, पाऊस थांबला होता, दरीतून वाफा निघाव्यात तसं धुकं वर येत होतं. मला चढतानाचाच घाट जास्त आवडला, त्याला उतरतानाचा. यावर आमचं नाशिकपर्यंत चाललं.

सोमवारी पहाटे नागपूर. संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडलो, तर्री पोहे खाल्ले, आईकडून मुलीला उचललं आणि साडेदहाला मी काउंटरवर होते. सुट्टीचा एक दिवसही गेला नाही. जानेवारीतल्या समता एक्स्प्रेसचं बुकिंग कधी उघडतं ती तारीख त्यानं कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली आहे, सकाळी आठची वेळ पण लिहिली आहे खाली.