समाजकार्याचे शिक्षण: ख्रिस्ती विद्यापीठ की धर्मनिरपेक्ष विद्यापीठ?

समाजकार्याची पदवी ख्रिस्ती विद्यापीठातून घ्यावी की धर्मनिरपेक्ष विद्यापीठातून, असा विचार करणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावे की या दोन वाटा मुळात एकमेकींपासून फार दूर नव्हत्या. गरीब वस्तीत राहून काम करण्याचे लंडनमधील केंद्र, टॉयन्बी हॉल, १८८४ मध्ये सॅम्युअल बार्नेट या धर्मगुरूंनी सुरू केले. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेले सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, हिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकी मिशनरी होते, आणि तरीही ती संस्था धर्मनिरपेक्षच राहिली.

व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन आणि सामाजिक धोरण हे विषय दोन्हीकडे असतात. अमेरिकेत अधिस्वीकृत अभ्यासक्रमाला पदवीसाठी किमान ४०० आणि पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तास क्षेत्रकार्य (संस्थेत प्रत्यक्ष काम करून शिकणे) बंधनकारक आहे, मग विद्यापीठ कोणाचेही असो. व्यावसायिक मान्यता नसेल, तर पुढची तुलना करण्याचे कारणच उरत नाही.

खरा फरक दिसतो तो पर्यवेक्षणात, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्षेत्रकार्यावर शिक्षकाशी होणाऱ्या चर्चेत. रुग्णालयात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थिनीचा हात धरून एखाद्या वृद्ध रुग्णाने ‘माझ्यासाठी प्रार्थना करशील का?’ असे विचारले, तर धर्मनिरपेक्ष विभागात तिला बहुधा रुग्णालयाच्या धर्मसेवकाशी संपर्क साधून देण्याचा सल्ला मिळेल. तो योग्यच आहे, पण चर्चा तेवढ्यावर थांबण्याची शक्यता असते. चांगल्या ख्रिस्ती विभागात हाच प्रसंग विद्यार्थिनीने लिहिलेल्या संभाषणाच्या सविस्तर नोंदीतून ओळ न् ओळ वाचला जातो: मागणी रुग्णाची होती की विद्यार्थिनीने नकळत सुचवलेली, तिने नकार दिला असता तर नाते कसे बदलले असते, आणि शेजारच्या खाटेवरील अन्यधर्मीय रुग्णाला काय वाटले असेल. श्रद्धेमुळेच या क्षेत्रात येणाऱ्याने आपली श्रद्धा अशी तपासून घेणे मला फार मोलाचे वाटते. शिवाय, पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या परिपत्रकापासून विकसित झालेला श्रम आणि न्याय यांविषयीचा कॅथलिक विचार तेथे सखोल शिकायला मिळू शकतो.

मात्र काही ख्रिस्ती विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी श्रद्धापत्रावर किंवा आचारनियमांवर सही घेतात, आणि समलैंगिक संबंधांविषयीचे त्यांचे नियम विद्यार्थ्याच्या खासगी आयुष्यापर्यंत पोहोचू शकतात. हे नियम सही करण्याआधी पूर्ण वाचावेत. सगळे सहाध्यायी एकाच श्रद्धेचे असतील, तर वर्गातील एकमत सुखावते खरे, पण सेवार्थी, म्हणजे मदतीसाठी येणारी माणसे, काही त्या वर्गातून येत नाहीत. या बाबतीत सार्वजनिक विद्यापीठ सरस ठरते, कारण तेथे मतभेद शेजारच्या बाकावरच बसलेले असतात.

क्षेत्रकार्याच्या संस्थांची यादी मागून घ्यावी. त्यात केवळ चर्चशी संलग्न संस्था असतील, तर मी तेथे प्रवेश घेण्याचा सल्ला देणार नाही. सरकारी बालकल्याण, तुरुंग, मानसिक आरोग्य अशी ठिकाणे असतील, तर श्रद्धावान विद्यार्थ्याने ख्रिस्ती विद्यापीठाला निःसंकोच पसंती द्यावी. भेटीला गेल्यावर अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला एकांतात विचारावे, ‘गर्भपाताचा निर्णय घेतलेली स्त्री समोर आली, तर काय करायला शिकवले आहे?’ उत्तरात आधी त्या स्त्रीचा स्वयंनिर्णय येतो की संस्थेची भूमिका, हे लक्षपूर्वक ऐकावे.