पहिली बोल्ट-ॲक्शन रायफल: .३१५, .३०-०६ की .२२ मॅच?

नागपुरात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी पहिली रायफल घ्यायची म्हटली, की दुकानात आधी .३१५ (आकडा म्हणजे इंचांतलं नळीचं माप) काढून दाखवतात. परवान्यावर मिळते, देशी आहे, नाव ओळखीचं आहे. अंबाझरीच्या दारूगोळा कारखान्यामुळे ‘ऑर्डनन्स’ हा शब्द इथे घरोघरी माहीत आहे, मात्र या रायफली तिथल्या नाहीत. त्या पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्यापासून रायफली कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्सकडे आणि काडतुसं पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. पहिली रायफल .२२ ची, सिंगल-शॉट, जड नळीची मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल घ्या, आणि वापरलेली घेतलीत तरी बिनधास्त घ्या. .३१५ ही मजबूत रायफल आहे, पण टार्गेटचं काम तिचं नाही. .३०-०६ दुसरी किंवा तिसरी म्हणून शोभते.

.३१५ पासून सुरुवात करू. .३०३ सारख्या लष्करी बोअरला सामान्य परवान्यावर बंदी, म्हणून ही आली. काडतूस ८×५० आर मानलिखर, ॲक्शन (नळीमागची यंत्रणा, जिच्या बोल्टने काडतूस आत बसतं) ली-एनफिल्डची. बोल्टचे लग, म्हणजे त्याला जागी धरणारे दात, मागच्या बाजूला; बोल्ट पुढे ढकलताना कॉक होतो, म्हणजे पिनची स्प्रिंग ताणली जाते. पटापट गोळ्या झाडायला हे फार छान. टार्गेटला मात्र अडचणी एकामागून एक येतात. लॉक-टाइम जास्त, म्हणजे ट्रिगर दाबल्यापासून पिन आपटेपर्यंत नळी हलायला वेळ मिळतो. दस्ता दोन तुकड्यांचा, मागचा बट वेगळा आणि पुढचं लाकूड वेगळं. पावसाळ्यात ते लाकूड फुगलं, की नळीवर दाब बदलतो आणि जूनमध्ये लावलेलं झीरो (ठरावीक अंतरासाठी जुळवलेला नेम) ऑगस्टमध्ये सरकलेलं असतं. दुर्बीण बसवायची तर वेगळं माउंट करून घ्यावं लागतं. काडतूसही सॉफ्ट-नोज (मऊ टोकाच्या गोळीचं) शिकारीचं, एका पेटीतल्या गोळ्यांत टार्गेटला लागते तेवढी एकसारखेपणाची काळजी त्यात नसते. त्यात नवशिक्याच्या खांद्याला धक्का बसतो, आणि धक्क्याची भीती एकदा अंगात शिरली की ट्रिगर झटक्याने ओढला जातो. ती सवय सोडवताना प्रशिक्षकाचा घाम निघतो.

.३०-०६ ची ॲक्शन माउझर पद्धतीची, लग पुढे चेंबरजवळ, त्यामुळे पाया अधिक भक्कम. ३०० मीटरला ती पोचते यात शंका नाही. पण नागपुरात ३०० मीटरची मोकळी रेंज सामान्य परवानाधारकाला रोज कुठून मिळणार? अशा रेंज मुख्यतः पोलीस आणि लष्कराकडे. रायफल कपाटात आणि सराव वर्षातून चार वेळा, याने नेमबाज घडत नाही. परदेशी व्हिडिओत दिसणाऱ्या .३०८ आणि ६.५ क्रीडमूर इथल्या दुकानाच्या काचेआड शोधत बसू नका.

.२२ ला ‘लहान मुलांची’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. मॅचची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते. मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असते, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. २० अंशाला आवाजाचा वेग ३४३ मीटर, आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशाला सुमारे ३५७. ५० मीटरला झीरो केलेली रायफल १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली मारते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला ५० मीटरवर सुमारे २ सेंमी आणि १०० मीटरवर ८ सेंमीच्या आसपास सरकवतो. कोनाच्या हिशेबाने १०० मीटरवरचं हे सरकणं .३०८ च्या ३०० मीटरवरच्या सरकण्याहून जास्त भरतं. वारा वाचायला शिकवणारी याहून स्वस्त आणि याहून कडक शाळा नाही. ५० मीटरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, हेही ध्यानात घ्या. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) जगज्जेती झाली ती .२२ वरच, आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं तेही .२२ वरच.

कोणती घ्यायची? आन्शुट्झ या जर्मन कंपनीची १९०३ ही ६४ ॲक्शनवरची, १९०७ ही ५४ ॲक्शनवरची. ५४ ची ॲक्शन जड आणि ट्रिगर अधिक नेमका, किंमतही त्याच मापाने चढते. पहिल्या दोन-तीन वर्षांत या दोघींतला फरक तुमच्या स्कोअरमध्ये दिसणार नाही, गोळ्यांच्या लॉटमधला (एका वेळी बनलेल्या खेपेतला) फरक मात्र पहिल्याच महिन्यात दिसेल. म्हणून बजेट ताणून १९०७ आणि मग गोळ्यांची काटकसर, यापेक्षा १९०३ आणि सहा महिन्यांच्या गोळ्या हा सौदा आम्हाला पटतो. वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊच्याही उत्तम आहेत, पण सुटे भाग आणि ते बसवणारा माणूस जवळपास आहे का, हे आधी विचारा.

वापरलेली रायफल पाहताना घाई नको. बोल्ट बाहेर काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही बघा, मगच पुढे. नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, भिंगाखाली पाहा. कापसाची काडी आतून बाहेर ओढली आणि कुठे धागा अडकला, तर तिथे ओरखडा आहे. क्राउन सहसा गोळ्यांनी बिघडत नाही, तोंडाकडून घासत घातलेल्या क्लीनिंग रॉडने बिघडतो. मग चेंबरच्या पुढचा भाग. तिथे काजळीचं कडक कडं साचलेलं असतं, आणि त्यामुळे गोळी शेवटी ढकलून बसवावी लागते. साफ केल्यावर ते गेलं तर काळजी नाही. न जाता खळगा दिसला तर सौदा सोडा. झाडलेल्या काडतुसाच्या केसवर (नळकांडीवर) पिनची खूण बघा, ती रिमवर, म्हणजे मागच्या कडेवर, एकसारखी खोल हवी. आणि मालकाने वर्षानुवर्षं रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबले असतील तर चेंबरच्या कडेला पिनचा ठसा उमटलेला असू शकतो. रिमफायरमध्ये (पिन काडतुसाच्या कडेवर आपटते अशा .२२ मध्ये) सरावाला वापरलेली केस किंवा डमी घालायची असते, ते याचसाठी.

डायॉप्टरची, म्हणजे मागच्या छिद्राच्या साइटची, परीक्षा सोपी आहे. टेकू लावून पाच गोळ्या मारा, मग साइट १० क्लिक वर, पाच गोळ्या, १० उजवीकडे, पाच गोळ्या, १० खाली, पाच गोळ्या, १० डावीकडे आणि पुन्हा पाच गोळ्या. शेवटचे पाच पहिल्या पाचांवर येऊन बसले पाहिजेत. बसले नाहीत तर साइटचा स्क्रू झिजला आहे, आणि नवी साइट स्वस्त नाही.

ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, किती हवा? गोळीची कड दहाच्या रेषेला टेकली तरी दहा मिळतो. ५.६ मिमीच्या गोळीचा हिशेब धरला तर बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सुमारे २१ मिमीत मावणारा ग्रुप, नीट मध्यावर बसला, तर सगळे दहाच. टेकूवरून, चांगल्या लॉटच्या १० गोळ्यांनी एवढं जमलं की रायफल घ्या. एकाच ब्रँडचे दोन लॉट एका नळीत वेगळे ग्रुप देतात, तेव्हा ५०-५० गोळ्या तीन-चार लॉटच्या मारून पाहा आणि जमलेल्या लॉटच्या शक्य तेवढ्या पेट्या घ्या. ब्रँड बदलला तर पहिल्या १०-२० गोळ्या मोजू नका. गोळीवरचं मेण नळीत नव्याने बसायला तेवढ्या लागतातच.

आता मेणाचा विषय नागपूरकरांना जास्त लागू. मे महिन्यात बंद डिकीत पेटी ठेवली की ते मेण वितळून पुठ्ठ्यात उतरतं आणि त्याच दुपारी ग्रुप फुगतो. पेटी थंड पाण्याच्या बाटल्यांच्या जाड पिशवीत, पण बर्फाला न टेकवता आणा. लू सुटायच्या आत, सकाळी ६ ते ९ मध्ये सराव उरका. दुपारी नळीवरून उठणारी गरम हवाही टार्गेट नाचवते.

कूलरची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. उन्हाळाभर ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत रायफल ठेवू नका. बाहेर कोरडी हवा असते म्हणून माणूस निश्चिंत, आणि आत दमट वाऱ्यात बोल्टवर लाल ठिपके उठतात. फोमच्या केसमध्ये कायम ठेवणं त्याहून वाईट, फोम ओल धरून ठेवतो. कोरड्या, कुलूपबंद कपाटात उभी ठेवा, आत सिलिका जेल, आठवड्यातून एकदा तेलाचा हलका हात. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्यानेच, आवळा. कारखान्याने सांगितलेला आकडा पाळा, अंदाजाने जोर लावू नका. ताण बदलला की ग्रुप फुटतो.

माप पाहताना प्रोनमध्ये झोपूनच पाहा. दुकानात उभं राहून खांद्याला लावलेली रायफल सगळ्यांनाच बरी वाटते. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. मागच्या छिद्रातून पुढचं कडं मधोमध दिसलं पाहिजे. मान खाली दाबावी लागली तर चीकपीस (गालाखालचा तुकडा) उंच हवा, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) पुढे-मागे सरकते का तेही पाहा. साडेचार-पाच किलोची रायफल सुरुवातीला पुरे, त्याहून जड घेतलीत तर स्टँडिंगमध्ये कंबर बोलू लागते.

कागदपत्रांसाठी शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय २१ पूर्ण हवं, शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ५ वर्षं आणि सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं, खेळाडूंसाठी सवलती वेगळ्या. दोनच जागा आहेत म्हणूनच त्यातली एक .३१५ ने अडवू नका. परवान्यावर गोळ्या किती लिहिल्यात हेही आधी वाचा, महिन्याच्या सरावाला पुरणार नसतील तर वाढीचा अर्ज रायफल येण्याआधीच टाका. दुसऱ्या नेमबाजाकडून घेत असाल तर विकणाऱ्याने लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. हे दिवस जाण्याआधी पैसे पूर्ण देऊ नका. त्या काळात क्राउन भिंगाखाली दुसऱ्यांदा पाहून घ्या आणि मालकाकडून ती नळी कोणत्या लॉटला जमते ते लिहून घ्या.