क्लॅश ऑफ क्लॅन्स रिव्ह्यू: गेम सुटंल, क्लॅन सुटत नाय

सुरुवातीलाच सांगतो, ग्राफिक बघून गेम निवडत असाल तर हे तुमच्या कामाचं नाय. कार्टून टाइप गाव, त्यात तोफा, भिंती, सोन्याच्या टाक्या, आणि दुसऱ्याच्या गावावर जाऊन तीन मिनिटांत जेवढं पाडता येईल तेवढं पाडायचं, एवढाच मामला. फिनलंडच्या सुपरसेलनं 2012 ला आयफोनवर आणला, 2013 ला अँड्रॉइडवर आला, आणि तेव्हापासून किती गेम आले न गेले, सांगलीत आमच्या ग्रुपमध्ये हा काय फोनमधनं गेला नाय. का गेला नाय तेच सांगतो, बाकीचं यूट्यूबवर मिळंल.

खरा गेम 2014 ला सुरू झाला असं मी म्हणीन, कारण क्लॅन वॉर, म्हंजे खेळाडूंच्या एका टोळीची (क्लॅनची) दुसऱ्या टोळीशी लढाई, तेव्हा आलं. त्याआधी नुसती लूटमार होती, आपलं आपलं गाव आन् आपली आपली टाकी. वॉरमध्ये कसं, 23 तास तयारी आणि मग 24 तास लढाई, प्रत्येकाला दोन अटॅक. आता यातली गोम बघा. सगळ्यांनी एका वेळी ऑनलाइन यायची गरजच नाय. आमच्यात तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार हाय, तो पहाटे फवारणीला जायच्या आधी अटॅक मारतो, एक दुबईला हाय तो त्याच्या शिफ्टनंतर, एक मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात असतो तो सौदे संपल्यावर, आणि हिंजवडीवाला रात्री एकला, कारण त्याचं जेवणच तेव्हा होतंय. बाकीच्या गेमला चार जण एका टायमाला गोळा करायला लागतात आणि पोरं पंचविशी ओलांडली, कुणाचं लग्न झालं, कुणाला नाइट शिफ्ट लागली की तिथंच स्क्वाड मोडतोय. इथं 24 तासात कधीपण तीन मिनिटं काढा, झालं.

पण नुसती सोय म्हणून कोण एवढी वर्षं टिकत नाय. धरून ठेवतंय ते वेगळंच. दोन अटॅक तुमच्या नावावर असतात आणि ते मारले नायत हे सगळ्या क्लॅनला दिसतंय. ही भिशी हाय बघा सरळ सरळ, तुमचा हप्ता चुकला की बाकीच्यांचं गणित बिघडतंय, आणि मग चॅटवर "काय भावा, अटॅक राहिलाय तुझा" असा मेसेज येतोय. लोकं त्या मेसेजला घाबरून लॉग इन करतात, मी पण. वर डोनेशनची भानगड हाय, दुसऱ्यानं दिलेले ट्रूप (सैनिक) तुमच्या गावातल्या क्लॅन कॅसलमध्ये बसतात, तुमच्यासोबत लढतात, तुम्ही झोपल्यावर तुमच्या गावाची राखण पण करतात. फुकट घेऊन घेऊन किती दिवस घेणार, कधीतरी द्यायलाच लागतंय.

एक बारकी गोष्ट लय कमी लोकं बोलतात. प्रोफाइलमध्ये वॉरसाठी हिरवा-लाल असा पर्याय हाय, हिरवा म्हंजे मला वॉरमध्ये घ्या, लाल म्हंजे नको. ऑक्टोबरच्या छाटणीला आमचा बागायतदार लाल करून टाकतोय, कोण काय बोलत नाय. ऑगस्ट 2019 च्या पुरात तर निम्मा क्लॅन लाल होता आणि चॅटवर वॉरचं कोण बोलतच नव्हतं, आयर्विन पुलाला पाणी किती चढलं, कुणाच्या घरात शिरलं, कोण मिरजेला पाव्हण्यांकडे गेला, एवढंच चाललेलं. पाणी उतरल्यावर लोकं आली तर गावं होती तशीच. लूट थोडी गेली असंल, पण पाडलेली बिल्डिंग आपोआप परत उभी राहती. मेहनत वाया जात नाय हा भरवसा ज्या गेममध्ये हाय तिथं माणूस महिन्यांनी पण परत येतोय.

पब्जीचं उदाहरण घ्या. 2 सप्टेंबर 2020 ला बंद झाली, जुलै 2021 ला बीजीएमआय नावानं आली, आणि जुन्या अकाउंटचा डेटा ट्रान्सफर करू दिला म्हणून पोरं परत धावली. स्किन (कपडे, बंदुकीची सजावट) गेल्या असत्या तर निम्मी तरी आली नसती असं माझं मत. (जून 2020 ला सरकारनं बंदी घातलेल्या 59 अ‍ॅपच्या यादीत क्लॅश ऑफ किंग्ज होतं, ते वाचून आमच्या ग्रुपवर उगं बोंबाबोंब झालेली, नाव नीट वाचायचं कुणाला सुचंना.) काउंटर स्ट्राइकचं पण तसंच, सायबर कॅफेत डस्ट टू या मॅपवर शिकलेले कोपरे आजपण कामाला येतात.

आता वाईट बाजू. टाऊन हॉल (गावातली मुख्य बिल्डिंग) वरच्या लेव्हलचा झाला की एकेक अपग्रेड कित्येक दिवस चालतंय आणि हे मुद्दामच हाय, तुम्ही कंटाळून पैसे देऊन गोल्ड पास घ्यावा म्हणून. हिरोच्या (खास लढवय्यांच्या) इक्विपमेंटनं तर हिशोब लय किचकट करून ठेवलाय, नवीन माणूस मेनू बघूनच पळंल. ट्रूप तयार करायचा, म्हंजे ट्रेनिंगचा खर्च 2022 ला काढला आणि 2025 ला ट्रेनिंगचा वेळ पण काढून टाकला, ते मात्र झकास केलं, जरी काही जुनी खोडं अजून कुरकुरतात की आता मजा गेली. मजा गेली म्हणतात आणि दिवसाला दहा अटॅक मारतात.

माझ्याकडनं पाचापैकी चार. क्लॅन नसंल तर दोनच, एकट्यानं खेळायला यात काय नाय.

गेम फोनमध्ये टाकणार असाल तर एवढं करा. पहिले फुकटचे जेम्स (गेममधली रत्नं, तिथला पैसाच) घाई उरकण्यात उडवू नका, बांधकाम करणारे बिल्डर वाढवण्यावर घाला, आणि झाडंझुडपं साफ करत रहा, त्यातनं जेम्स निघतात. सुपरसेल आयडी पहिल्याच दिवशी जोडा म्हंजे फोन बदलला तरी गाव राहील. टाऊन हॉल पळवत वर नेऊ नका, खालचं सगळं कच्चं राहतंय आणि वॉरमध्ये तुमचा बेस (गाव) समोरच्याला फुकटचे तीन स्टार, म्हंजे पुरे मार्क, देतोय. क्लॅन शोधताना पन्नासच्या पन्नास भरलेत बघून भुलू नका, आधी वॉर लॉग बघा, आणि आत गेल्या गेल्या ट्रूप मागायच्या आधी दोन-चार दुसऱ्यांना द्या, लीडरचं लक्ष असतंय.