इन्व्हर्टर जनरेटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती आणि काकांच्या ३ केव्हीएच्या जुन्या पेट्रोल जनरेटरवर दोन घरांनी निभावून नेले. गेल्या मे महिन्यात मी २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर घेतला. तेव्हापासून ही दोन्ही यंत्रे मी आलटूनपालटून वापरत आहे.

काकांच्या यंत्रातील रोटर दोन ध्रुवांचा असून तो इंजिनाला थेट जोडलेला आहे. त्यामुळे ५० हर्ट्झची वीज मिळण्यासाठी, भार एका दिव्याचा असला तरी, इंजिनाला मिनिटाला ३००० फेरे घ्यावेच लागतात. भार वाढला की फेरे घसरतात आणि त्यांच्याबरोबर वारंवारताही घसरते. माझ्या संगणकाचा यूपीएस ती वीज मानतच नसे. ‘टक्’ असा आवाज करून तो पुन्हा पुन्हा बॅटरीवर जाई. नव्या यंत्रात कायम चुंबकांच्या बहुध्रुवी रोटरपासून मिळणारी वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) केली जाते आणि मग इन्व्हर्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक सर्किट तिच्यापासून ५० हर्ट्झची एसी (दिशा बदलत राहणारी, घरात वापरतो तशी वीज) तयार करते. वारंवारता इंजिनाच्या वेगावर अवलंबून राहत नसल्याने कमी भारावर इंजिन संथ चालते. दोन पंखे, दिवे आणि आईचा नेब्युलायझर एवढ्या भारावर ते चालू असतानाही घरात झोप लागते, हे सुख मला फार मोलाचे वाटते.

विहिरीवरच्या १ एचपी पंपापुढे मात्र हे यंत्र हरले. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तेवढ्यात ओव्हरलोडचा लाल दिवा लागला आणि इंजिन चालू असूनही वीज बंद झाली. काकांचे यंत्र त्या क्षणी गुदमरल्यासारखे करते, दिवे मंदावतात, पण पंप उचलतो. फ्रिज लावतानाही मला इको मोडचे (कमी भारावर इंजिन संथ ठेवणाऱ्या सोयीचे) बटण आधी बंद करावे लागते.

पावसाळ्यानंतर यंत्र दोन महिने पडून राहिले आणि टाकीतल्या शिळ्या पेट्रोलने कार्बोरेटर तुंबला; आता मी शेवटचे पेट्रोल काढूनच ते ठेवतो. दुरुस्तीच्या बाबतीत जुने यंत्र सरस आहे, कारण त्याचे कार्बन ब्रश तालुक्याला मिळतात, तर नव्याचे इन्व्हर्टर मॉड्यूल बिघडले तर ते अख्खेच बदलावे लागेल, असे मेकॅनिकने सांगितले. धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असल्याने पावसातही दोन्ही यंत्रे पडवीत न चालवता घरापासून दूर, उघड्या पत्र्याच्या छपराखालीच चालवतो. पंपासाठी काकांचे यंत्र आम्ही विकलेले नाही.